त्याच धुऱ्यावरचा दुसरा लिंब

रोहिणीचा पाऊस होऊन माती वीतभर भिजली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेतातल्या आखाड्यावर जाऊन बसावे. अंधार पडता पडता जमिनीतून भुंगेरे निघायला लागतात. चिंचोक्याहून थोडे मोठे, तपकिरी. आधी एक-दोन, मग पाच-पन्नास, मग मोजायची सोय राहत नाही. सगळे रान घुमते. अर्ध्या तासात हा घोंगाट एकदम थांबतो, कारण सगळे झाडांवर बसलेले असतात. त्या वेळी लिंबाखाली उभे राहिले तर वरून बारीक कुरकुर ऐकू येते आणि डोक्या-खांद्यावर काहीतरी पडत राहते. पानांचे तुकडे असतात, लेंड्या असतात. बॅटरी वर मारली की डहाळ्यांना जोडीजोडीने लटकलेले भुंगेरे दिसतात. खाणे आणि लगीन, दोन्ही एकाच मांडवात.

पहाटेपर्यंत सगळे परत मातीत. सकाळी झाड पाहणाऱ्याला चोर दिसत नाही, चोरी तेवढी दिसते. जिथे पाने होती तिथे नुसते देठ आणि मधल्या शिरा.

मराठवाड्यात लिंब म्हणजे कडुनिंब, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगून ठेवतो. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात माझ्या ओळखीच्या एका धुऱ्यावर असे तीन लिंब आहेत, एकमेकांपासून पंचवीस-तीस पावलांवर. एक विहिरीकडचा, एक मधला, एक ओढ्याकडचा. मधला दरवर्षी पार ओरबाडला जातो. विहिरीकडचा निम्माशिम्मा खाल्ला जातो. ओढ्याकडच्या झाडाला मात्र भुंगेरे जेमतेम चाखून सोडतात. तिन्हींची उंची थोड्याफार फरकाने सारखी, माती तीच काळी, पाऊसही तोच.

शेताच्या मालकांना सगळे तात्या म्हणतात, मीही म्हणतो. त्यांना कारण विचारले.

"त्याचा पाला कडू हाय," ओढ्याकडे हात करून तात्या म्हणाले.

"तात्या, लिंबाचा पाला कडूच असतो की."

"ह्याचा जास्ती. पाडव्याला आमी मधल्याचाच आणतो खायाला."

मी दोन्ही झाडांची पाने तिथेच तोंडात टाकली. दोन्ही सारखीच कडू लागली आणि पुढचा तासभर चहासुद्धा कडू लागला. पण माझ्या जिभेचे काय घेऊन बसलात? भुंगेऱ्याची जीभ वेगळी. त्याला आयुष्यात याच पानांवर पोट भरायचे असते.

कृषी खात्याच्या पत्रकांत एक वाक्य ठरलेले असते: हुमणीचे भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांची पाने खातात. वाक्य खरे आहे. पण भुंगेरा 'कडुनिंब' नावाची जात खात नाही. तो एक झाड खातो, त्यातली एक फांदी, त्या फांदीवरचे एक पान. आपण झाडांना जातीच्या नावाने ओळखतो आणि तिथेच थांबतो. शेळ्या राखणारा माणूस तसा थांबत नाही. कोणत्या बाभळीचा पाला शेळी आधी धरते हे त्याला बिनचूक ठाऊक असते आणि ढाळे तोडायला तो वाकडी वाट करून तिथेच जातो.

भुंगेऱ्याची एवढी चौकशी करण्याचे कारण साधे आहे. लिंब दोन महिन्यांत पुन्हा हिरवा होतो, त्याचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते पिकाचे. मादी जमिनीत पन्नास-साठ अंडी घालते. त्यातून निघालेली पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली अळी म्हणजे हुमणी. ती ऊस, सोयाबीन, भुईमूग यांच्या मुळ्या खाते आणि हिरवे झाड उभ्या उभ्या वाळते. उपटायला गेले की हलक्या हाताने वर येते, कारण खाली मुळेच नसतात. अळी मातीत हाताला लागेपर्यंत औषधपाण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. म्हणून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठापासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सगळे एकच सांगतात: पहिल्या पावसानंतर सगळ्या गावाने मिळून रात्री झाडे हलवा, पडलेले भुंगेरे गोळा करा, रॉकेलच्या पाण्यात टाका. वर्षातून एकच पिढी होते, त्यामुळे ते चार-सहा दिवस साधले की वर्ष साधते. आता गावात पन्नास लिंब असतील आणि हाताशी पाच माणसे, तर आधी कोणता लिंब हलवायचा? हा प्रश्न पोटापाण्याचा आहे, आणि त्याचे उत्तर जातीच्या नावात नाही.

लिंबाची यातली गंमत वेगळीच. जगभर हे झाड कीटकांचा वैरी म्हणून प्रसिद्ध आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा हाइनरिक श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले, की आजूबाजूचे सगळे हिरवे फस्त झाले असताना लिंबाची झाडे तेवढी उभी आहेत. ती झाडे मुळात आपल्याकडूनच तिकडे गेलेली. त्याच सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांचे सहकारी निंबोळीच्या बीमधल्या गराचे पाणी पिकावर फवारून टोळांना उपाशी ठेवून दाखवत होते. १९६८ मध्ये त्यातले मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले, अझाडिरॅक्टिन. आज खतांच्या दुकानात निंबोळी अर्काच्या बाटलीवर 'पीपीएम'चा आकडा असतो, तो याच द्रव्याचा.

आणि हुमणीचा भुंगेरा त्याच झाडावर रोज रात्री पंगत मांडतो! विष असते मुख्यतः निंबोळीच्या बीमधल्या गरात, पानांत त्या मानाने फार कमी, हे एक कारण. एखादा कीटक ज्या झाडावर पिढ्यानपिढ्या जगतो, त्याचे विष पचवायला शिकतो, हे दुसरे. पण आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या झाडांच्या निंबोळ्या तपासल्या. अपेक्षा अशी होती, की कोरड्या मुलखातल्या झाडात द्रव्य जास्त, ओल्या मुलखातल्या झाडात कमी, असा काहीतरी नियम सापडेल. हवामानाशी तसा मेळ बसला नाही. एकाच भागात भरपूर अझाडिरॅक्टिन असलेली झाडे सापडली आणि अगदी कमी असलेलीही. फरक मुलखाचा नव्हता, झाडाझाडाचा होता. तात्यांचे 'ह्याचा जास्ती' म्हणजे वेडेपणा नव्हे, एवढे यावरून नक्की म्हणता येते. लखनौकरांनी निंबोळ्या तपासल्या आणि तात्या पाल्याविषयी बोलत होते, हा भेद मात्र विसरून चालणार नाही.

झाडाझाडात एवढा फरक पडतो कसा? गावरान आंब्याकडे पाहिले की लगेच कळते. जुन्या आमराईत प्रत्येक झाडाला नाव असायचे. शेपूचा वास येणारा तो शेपू, लहान गोल तो गोटी, गोडमिट्ट तो साखऱ्या. कोयीतून उगवलेले झाड आईसारखे निघेलच याची खात्री नाही, म्हणून तर नाव द्यावे लागायचे. लिंब, बाभूळ, चिंच, करंज सगळी अशीच बियांतून, पाखरांच्या विष्ठेतून, वाऱ्या-पाण्याने उगवलेली. लिंबाचे कलम करत कोणी बसत नाही. म्हणजे धुऱ्यावरचे तीन लिंब ही तीन सख्खी नव्हे, तीन लांबची भावंडे असतात. माणसाच्या जिभेला आंब्यातला फरक कळतो, मग पाल्यावरच जगणाऱ्या किड्याला पाल्यातला कळू नये?

केशरची गोष्ट उलटी. जुनागढकडून आलेला हा आंबा मराठवाड्यात इतका रुजला, की 'मराठवाडा केशर' या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण केशरची बाग म्हणजे कलमांची बाग. शंभर झाडे म्हणजे खरे तर एकच झाड शंभर ठिकाणी उभे केलेले. तिथे फरक मिटायला हवा. काही अंशी मिटतोही, पूर्ण मात्र मिटत नाही, आणि याची साक्ष रेशीमवाले देतात. शेतकऱ्यांच्या सगळ्या जमातीत हीच एक अशी, की पान खाणाऱ्या अळीने जास्त खावे म्हणून धडपडते. व्ही-१ वाणाच्या तुतीची बाग कांड्या लावून केलेली, म्हणजे सगळी झाडे रक्ताने एकच. तरीही रेशीमवाला चॉकीतल्या, म्हणजे सुरुवातीच्या संगोपनातल्या, बालअळ्यांना शेंड्याकडचे लुसलुशीत पान देतो आणि मोठ्या अळ्यांना खालचे भरलेले पान. बालअळीला निबर पान घातले तर ती नीट खात नाही, वाढ मागेपुढे होते आणि पुढे सगळी बॅच एकाच वेळी कोषावर येत नाही. झाड एकच, पण वरचे पान आणि खालचे पान ही दोन वेगळी ताटे.

कोवळे आणि निबर, या दोन मराठी शब्दांत या विषयाचे निम्मे शास्त्र मावते. कोवळ्या पानात पाणी आणि नत्र जास्त, तंतू कमी. पान निबर होते तशी त्याची साल जाड होते, बऱ्याच झाडांत टॅनिन वाढते, म्हणजे तेच जे बाभळीची साल चावली तर तोंड आवळते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात पॉल फीनी यांनी ओक झाडावर हे मोजले आणि १९७० मध्ये प्रसिद्ध केले. तिथल्या 'विंटर मॉथ' नावाच्या पतंगाची अळी ओकला पालवी फुटते त्या मोजक्या दिवसांतच नीट पोसते. पालवीच्या आधी अंड्यातून निघाली तर उपास, उशिरा निघाली तर पान चामड्यासारखे. आणि त्याच जंगलात एक ओक दुसऱ्याच्या कितीतरी दिवस आधी फुटतो. अळीच्या दृष्टीने झाडाझाडातला सगळ्यात मोठा फरक हा पंचांगाचा.

आपल्याकडे हे पाहायचे तर लातूरहून उठून किनवटला जावे लागते. लातूर जिल्ह्यात जंगल नावाला. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव वरचे. नांदेडच्या उत्तर टोकाला किनवट-माहूरच्या डोंगरांत मात्र पैनगंगेच्या काठाने सागाचे रान आहे. भाद्रपद-आश्विनात गेले तर काही डोंगरउतार करपल्यासारखे दिसतात. वणवा भर पावसाळ्यात कसा लागेल? जवळ जाऊन पान हातात घेतले की उलगडा होतो: शिरांची जाळी तेवढी शिल्लक, मधला हिरवा गर कुणीतरी खरवडून नेलेला. सूर्याकडे धरले तर पान गाळणीसारखे दिसते. हे एका लहानशा पतंगाच्या अळीचे काम. ती निबर पानावर येते, पावसाळ्याच्या उत्तरार्धात. सागाची दुसरी मोठी कीड म्हणजे हिब्लिया पुएरा. तिची मादी कोवळ्या पानावरच अंडी घालते. ती अळी सुरुवातीच्या पालवीवर तुटून पडते आणि दोन-तीन आठवड्यांत झाड उघडे करते.

यातली कोणती वाईट? करपलेले डोंगर पाहून कोणीही पहिलीचे नाव घेईल. केरळच्या वन संशोधन संस्थेच्या के. एस. एस. नायर यांनी निलांबूरच्या तरुण सागबागेत काही भाग किडीपासून राखला, काही तसाच सोडला, आणि पाच वर्षे झाडे मोजली. हिब्लियामुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडत होती. जाळी करणाऱ्या अळीने मात्र वाढीत नजरेत भरावा असा फरक पडला नाही, कारण ती येते तेव्हा झाडाची त्या वर्षाची कमाई बरीचशी झालेली असते. डोळ्यांना दिसणारे नुकसान आणि झाडाचे नुकसान यांचा हिशेब असा वेगळा.

आता त्याच रानात एखादा साग इतरांच्या महिनाभर आधी फुटला तर? हिब्लियाची लाट येईपर्यंत त्याचे पान निबर झालेले असेल. अशी झाडे खरोखर असतात. कर्नाटकात 'तेली' म्हणून ओळखला जाणारा लवकर फुटणारा साग याच कारणाने हिब्लियातून सुटतो, अशी नोंद आहे. त्याच्या पानात काही खास विष आहे असे नव्हे. तो फक्त वेळेवर, खरे तर अवेळी, फुटतो.

झाडापासून फांदीपर्यंत जायचे तर ऑस्ट्रेलियातले एक उदाहरण विसरता येत नाही. तिथे निलगिरीच्या झाडांवर 'ख्रिसमस बीटल' नावाचे भुंगेरे येतात. हे आपल्या हुमणीच्याच कुळातले, यांच्याही अळ्या मातीत मुळे खातात. १९९० साली 'नेचर' या नियतकालिकात एका निलगिरीची हकीकत आली. सगळे झाड भुंगेऱ्यांनी नागडे केलेले आणि त्यात एकच फांदी हिरवीगार. तपासले तेव्हा त्या फांदीच्या पानांत सिनिओल, म्हणजे निलगिरी तेलाला त्याचा वास देणारे द्रव्य, बाकीच्या झाडापेक्षा जास्त निघाले. झाड वाढत असताना एखाद्या कोंबाच्या पेशीत बदल होतो आणि त्या कोंबापासूनची सगळी फांदी तो बदल वागवते. झाड एक, प्रजा दोन.

रस्त्याकडेच्या करंजांच्या रांगेत याचा निराळा नमुना दिसतो. एका करंजाचे पान न् पान फोडांनी भरलेले असते. हात फिरवला तर खरबरीत लागते, जणू पानाला देवी आल्यात. लगतच्या करंजाचे पान तुळतुळीत. फोड करणारा जीव कीटक नसून नजरेला न दिसणारा कोळीवर्गीय प्राणी आहे, पण मुद्दा तोच. अमेरिकेत एडमंड्स आणि ॲलस्टॅड या दोघांनी १९७८ मध्ये पाइन झाडावरच्या खवले किडीविषयी एक विचार मांडला: ज्या किडीला हिंडता येत नाही, ती एकाच झाडावर पिढ्या काढते आणि हळूहळू त्याच झाडाच्या तब्येतीला सरावते. दुसऱ्या झाडावर नेऊन सोडली तर तिथे तिचा जम बसत नाही. पुढे अनेकांनी तपासले. काही किडींत हे पटले, काहींत नाही. करंजाचे फोड पाहिले की मला हा विचार आठवतो, एवढेच. हुमणीच्या भुंगेऱ्याला तो लागू व्हायचा नाही. तो दरवर्षी जमिनीतून नव्याने निघतो आणि त्याला पंख आहेत.

पंख असलेल्याला निवड करता येते, आणि निवड म्हटली की घोळका आला. राजस्थान-गुजरातकडे हुमणीची जी जात आहे, तिची मादी अ‍ॅनिसोल नावाच्या एका साध्या द्रव्याचा गंध सोडते. हे कळल्यावर तिथे युक्ती निघाली: ठराविक झाडावर या द्रव्याचे बोळे टांगायचे, भुंगेरे तिथेच गोळा होतात आणि एकाच झाडावर बंदोबस्त करता येतो. यातला अर्थ जरा थांबून पाहण्यासारखा आहे. झाड तेच, पाला तोच, आणि एका बोळ्याने ते गावातले सगळ्यात लाडके झाड झाले. मग ज्या झाडाला आपण 'रुचकर' म्हणतो त्यातला रुचीचा भाग किती आणि 'सगळे इथेच आलेत' याचा किती? जेवणाच्या हॉटेलाबाहेर गर्दी पाहून आपणही आत शिरतो, तसेच हे.

हे सगळे डोक्यात घेऊन मी तात्यांच्या धुऱ्यावर पुन्हा गेलो, या वेळी दिवसा. मधल्या लिंबाचे ढाळे दोन वर्षांमागे शेळ्यांसाठी उतरवलेले होते. तोडलेल्या जागी झुबक्याने फुटवे आलेले, तांबूस, लुसलुशीत. ओढ्याकडच्या झाडाला कित्येक वर्षांत कुऱ्हाड लागली नव्हती. सगळा पाला गर्द आणि निबर. शिवाय मधल्या झाडाला लागून खोडव्याचा ऊस. हुमणी तिथेच पोसलेली, भुंगेरे तिथूनच निघणार, पहिले झाड हेच समोर येणार. जे आधी बसले त्यांच्या मागोमाग बाकीचे. कडूपणाचा संबंध यायच्या आतच तीन कारणे झाली.

तात्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग ओढ्याकडच्याचे ढाळे काढून बघू."

माघात त्यांनी खालच्या दोन फांद्या उतरवल्या. वर हात पोचत नव्हता, शेंडा तसाच राहिला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस झाला आणि तिसऱ्या संध्याकाळी आम्ही बॅटरी घेऊन गेलो. मधल्या झाडावर नेहमीचा बाजार भरलेला होताच. पण ओढ्याकडच्या लिंबाच्याही खालच्या फुटव्यांवर या वेळी भुंगेरे लटकलेले होते, दाटीवाटीने, आणि आमच्या अंगावर पानांचे तुकडे पडत होते.

तात्यांनी बॅटरी सावकाश वर नेली. शेंड्याचा जुना पाला जसाच्या तसा, एखाद-दुसरा चुकार भुंगेरा सोडला तर रिकामा.

"बघा सर," ते म्हणाले, "वरचा कडूच हाय."